एकतारी पाक आणि वीस हजार व्होल्ट

"डेनियर किती?" मामांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोर ॲल्युमिनियम फॉइलचा एक तुकडा धरला होता. त्यावर दुधावर साय धरावी तसा पांढरट थर. त्यात धागा कुठे दिसत नव्हता, नुसत्या डोळ्यांनी दिसणारही नव्हता. पण मामांची उभी हयात भिवंडीत यंत्रमागांवर गेलेली, शेवटची वीस वर्षं जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारा मिस्त्री, म्हणून. धागा म्हटलं की त्यांना नंबर लागतो.

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत येणारे पाहुणे "वा, नॅनो!" म्हणतात, फोटो काढतात आणि चहा पिऊन जातात. नंबर पहिल्यांदा मामांनीच विचारला. आणि मला तो पटकन सांगता आला नाही. हे तंतू काढणं एका दुपारचं काम आहे. काय निघालं ते खात्रीने सांगायला मात्र आठवडा लागतो.

आधी डेनियरची गोष्ट, ज्यांचा सुताशी संबंध नाही त्यांच्यासाठी. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्याचा डेनियर. सुताच्या खोक्यावर १५०/४८ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा सगळ्या धाग्याचा डेनियर आणि दुसरा त्या धाग्यात एकत्र असलेल्या तंतूंची संख्या. भागाकार केला की एकेक तंतू तीन डेनियरच्या थोडा वर येतो. ७५/१४४ असेल तर अर्ध्या डेनियरच्या आसपास. एका तंतूचा डेनियर एकाच्या खाली गेला की व्यापारात त्याला मायक्रोफायबर म्हणतात. एक डेनियरचा पॉलिएस्टर तंतू साधारण १० मायक्रॉन जाड असतो, आणि आपला केस ५० ते १०० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि नॅनोमीटर म्हणजे त्या मायक्रॉनचाही हजारावा भाग. फॉइलवरचे तंतू शे-दोनशे नॅनोमीटरच्या घरातले होते. पुस्तकी व्याख्या १०० नॅनोमीटरच्या आतलाच तंतू नॅनो मानते. या धंद्यात मात्र एका मायक्रॉनखालच्या सगळ्याला सर्रास नॅनोतंतू म्हणतात. मला ती सूट थोडी खटकते, पण मीही ती घेतेच.

कृत्रिम तंतू काढायची नेहमीची पद्धत म्हणजे शेवेचा सोऱ्या. प्लास्टिक वितळवायचं, बारीक भोकांच्या चकतीतून दाबून बाहेर काढायचं, हवेत थंड करायचं आणि गुंडाळताना ताणायचं. मग बारीक तंतू हवा तर चकतीची भोकं बारीक करायची, इतकं सोपं का नाही? कारण भोक अर्ध्यावर आणलं तर तेवढाच माल बाहेर काढायला जोर दुप्पट लावून भागत नाही, सोळापट लागतो. घट्ट पिठाची बारीक शेव पाडताना दंड भरून येतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे मायक्रोफायबरवाल्यांनी एक पळवाट काढली. दोन वेगळी प्लास्टिक एकाच भोकातून शेजारी शेजारी काढायची आणि नंतर वेगळी करायची. एका प्रकारात जाड तंतूच्या पोटात दुसऱ्या प्लास्टिकचे बारीक तंतू असतात, समुद्रात बेटं असावीत तसे. कापड तयार झाल्यावर समुद्र विरघळवून टाकतात, बेटं उरतात. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० साली या वाटेने केलेलं कृत्रिम सुएड (मखमली पोताचं चामडं) गाजलं. दुसऱ्या प्रकारात तंतूचा छेद संत्र्याच्या फोडींसारखा असतो, एक फोड पॉलिएस्टरची, पुढची नायलॉनची, आणि नंतर त्या फोडी फोडतात. ठाणे स्टेशनबाहेर गाडी पुसायची जी पिवळी-निळी फडकी मिळतात त्यांतली चांगली फडकी या जातीची. फुटलेल्या फोडीला धारदार कडा असतात, म्हणून ती काचेवरचा तेलकटपणा खरवडून नेतात. (पॉलिएस्टरचे कपडे धुताना सुटून नाल्यावाटे खाडीत जाणाऱ्या तंतूंनाही बातम्यांत मायक्रोफायबर म्हणतात. शब्द तोच, पण तिथे बोलणं कचऱ्याबद्दल चाललेलं असतं.)

नॅनोपर्यंत जायला दाबण्यापेक्षा ओढणं लागतं. आणि इतक्या बारीक गोष्टीला पकडून ओढायला चिमटा नाही. म्हणून वीज. या रीतीचं नाव इलेक्ट्रोस्पिनिंग.

आमचं यंत्र बघायला अगदी साधं आहे. एक सिरिंज, तिचा दट्ट्या मुंगीच्या पावलाने ढकलणारा पंप, पुढे बोथट टोकाची सुई, आणि सुईपासून वीतभरापेक्षा कमी अंतरावर अर्थिंग दिलेली फॉइल. सिरिंजमध्ये पॉलिमरचं, म्हणजे लांबलचक रेणूंच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचं, द्रावण. सुईला १५ ते २० हजार व्होल्ट. करंट नगण्य असतो, पण व्होल्टेज आकडा वाचूनच अंगावर काटा यावा असं, म्हणून सगळं काचेच्या पेटीत आणि दार उघडलं की वीज बंद. इंटरनेटवर घरगुती जुगाडाचे व्हिडिओ आहेत, ते बघून हात घालू नका. विजेइतकाच काही द्रावकांच्या वाफेचाही धोका असतो.

वीज चालू केली की सुईच्या टोकावरच्या थेंबावर भार साचतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, तर थेंबाचा पृष्ठताण त्याला गोल ठेवू बघतो. व्होल्टेज वाढवत नेलं की थेंब लांबुडका होतो, मग शंकूसारखा टोकदार होतो, आणि एका क्षणी त्या टोकातून एक धार सुटते. विद्युतभारित वस्तूजवळ पाण्याचा थेंब टोकदार होतो हे विल्यम गिल्बर्टने १६०० च्या सुमारासच पाहून ठेवलं होतं. शंकूचं गणित ब्रिटनच्या जेफ्री टेलरने १९६४ साली मांडलं. त्याचा अर्धकोन ४९.३ अंश येतो, आणि तो आजही टेलर शंकू म्हणूनच ओळखला जातो. मधल्या काळात, १९३४ साली, आंतोन फोर्महाल्सने या रीतीने धागे काढण्याचं पेटंट घेतलं होतं. त्याच दशकाच्या अखेरीस सोव्हिएत संघात पेत्र्यानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंतूंचे गॅस मास्कसाठी फिल्टर केले. म्हणजे विद्या जुनी आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत ॲक्रन विद्यापीठाच्या डॅरेल रेनेकर यांनी तिच्यावरची धूळ झटकली, तेव्हा 'नॅनो' शब्दाला भाव आला होता.

धार सुईतून सुटते तेव्हा नॅनो नसते. एखाद-दोन सेंटीमीटर सरळ जाते आणि मग तिच्या अंगात येतं. धारेवरचे भार एकमेकांना बाजूला ढकलतात, जरा वाकली की आणखी वाकवतात, आणि ती चाबकासारखी गरगर वेटोळी घेत खाली येते. डोळ्यांना वाटतं एका धारेच्या अनेक धारा फुटल्या. पूर्वी जाणकारांनाही तसंच वाटायचं. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं की बहुतेक वेळा धार एकच असते, फक्त डोळा पोहोचत नाही. खरं ताणणं या वेटोळ्यांत होतं. प्रत्येक वेटोळं फैलावताना धारेला लांबवतं, तेवढ्यात द्रावक उडून जातो आणि फॉइलवर पडतो तो कोरडा तंतू. सुईचं भोक अर्धा मिलिमीटर, तंतू २०० नॅनोमीटर. जाडीत अडीच हजारपट फरक, आणि तोही वीतभराच्या आत.

मामांना या यंत्रापेक्षा द्रावणात जास्त रस होता. "कशाचं आहे हे?" म्हणाले. मी म्हटलं, पीव्हीए. ते हसायलाच लागले. "अगं, ते तर आम्ही सायझिंगला वापरतो! ताण्याला पाजायची खळ ती." बरोबर होतं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाण्यात विरघळतं, फार विषारी नाही, स्वस्त आहे. म्हणून शिकाऊ माणसाला आधी तेच देतात.

पण ते किती घट्ट करायचं, तिथे खरी मेख आहे. इथे मला नेहमी आईचा पाक आठवतो. गुलाबजामला पाक किती झाला ते ती दोन बोटांत धरून बघते: तार येत नाही, एकतारी आला, दोनतारी झाला. आमचंही तसंच. द्रावण पातळ असेल तर धार हवेतच तुटते आणि फॉइलवर बारीक तुषार पडतात. थोडं घट्ट केलं की तंतू येतो, पण त्यात मणी ओवल्यासारखे गोळे असतात, कारण पृष्ठताण अजून थेंब करायची संधी शोधत असतो. आणखी घट्ट केलं की मणी लांबट होत होत नाहीसे होतात आणि सलग तंतू मिळतो. त्याहून घट्ट केलं तर तंतू जाड होतो आणि शेवटी सुईच तुंबते. पाकाची उपमा एका ठिकाणी लंगडते. साखर नुसत्या घट्टपणाने तार धरते. पॉलिमर तार धरतो तो त्याच्या लांबलचक रेणूंचा गुंता झाल्यामुळे. म्हणून पीव्हीए लांब रेणूंचं असेल तर कमी टक्क्यांत तार येते आणि आखूड रेणूंचं असेल तर जास्त घालावं लागतं. पिशवीवर नुसतं 'पीव्हीए' लिहून आलेला माल आम्ही परत पाठवतो, तो याचसाठी.

आता नवी मुंबईची अडचण. पुस्तकांत आणि शोधनिबंधांत कृती वाचली तर ती कुठल्यातरी कोरड्या, थंड गावातली असते. आमच्याकडे जुलैत हवेची आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर बसून असते, खाडी मागच्याच बाजूला. मी नोकरीला लागले ती मे महिन्यात. महिनाभरात बसवलेली कृती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एकाएकी बिघडली. तेच द्रावण, तेच व्होल्टेज, तेच अंतर, आणि फॉइलवर तंतूंच्या जागी चिकट पापुद्रा. मी दोन दिवस पंप उघडून बसले होते. मामांना हा किस्सा सांगितला तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: "आषाढात कुरडया कोण घालतं?"

नेमकं तेच. पाणी उडायला हवेत जागाच नसेल तर तंतू ओलाच फॉइलवर पोहोचतो आणि शेजारच्याला चिकटतो. शिवाय दमट हवेत भारही लवकर गळून जातो, म्हणजे ओढणाराच दमतो. प्रत्येक पॉलिमर मात्र पावसात वेगळा रुसतो. पटकन उडणाऱ्या द्रावकात पॉलिस्टायरीन घेतलं तर द्रावक उडताना धार गार होते, हवेतली वाफ तिच्यावर दवासारखी साचते आणि नंतर तिथे खळगे राहतात. तंतू भोकाभोकांचा होतो. कुणाला तेच हवं असतं. डिसेंबरात उलटी गंमत होते. हवा कोरडी झाली की सुईच्या टोकावरच द्रावण सुकून गोळा धरतं आणि दर दहा मिनिटांनी तो पुसत बसावं लागतं. आता पेटीला आर्द्रताशोषक यंत्र जोडलेलं आहे, आणि वहीत व्होल्टेजच्या आधी तापमान आणि आर्द्रता लिहायची असा नियम आहे. नव्या मुलांना तो जाच वाटतो.

एवढं बोलणं होईतो मामांनी, छत्री मिटताना ओला झालेला अंगठा, फॉइलवर टेकवला. अंगठ्याएवढी साय गायब. पीव्हीए पाण्यात विरघळतं आणि इतक्या बारीक तंतूला विरघळायला क्षणही लागत नाही. मामा ओशाळले, मला मात्र आयतं उदाहरण मिळालं. पाण्याजवळ वापरायचं असेल तर आधी रेणूंना एकमेकांशी रासायनिक आडवे टाके घालावे लागतात, नाहीतर केलेलं सगळं पहिल्या थेंबाला पाण्यात.

तर, डेनियर. इतका तंतू वजन करायला कुणी ९,००० मीटर गुंडाळून देणार नाही. आधी जाडी मोजायची आणि तिच्यावरून हिशोब करायचा. साधा सूक्ष्मदर्शक इथे हात टेकतो. दृश्य प्रकाशाच्या लहरीच ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या, त्याहून बारीक वस्तू त्यात रेखीव दिसणार कशी? म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. आमच्याकडे तो नाही. आम्ही नमुना बाहेर पाठवतो, तासाचे पैसे मोजून. आणि तिथे, माझ्या मते, या सगळ्या विद्येतली सर्वांत जास्त फसवाफसवी होते. मुद्दाम कुणी करत नाही, होऊन जाते.

पहिली फसगत सोन्याची. प्लास्टिक वीज वाहत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की त्यावर भार साचतो आणि चित्र पांढरंफटक होऊन सरकतं. म्हणून नमुन्यावर सोन्याचा अतिपातळ मुलामा देतात. तो १० नॅनोमीटरचा असेल तर दोन्ही बाजू मिळून तंतू २० नॅनोमीटरने जाड दिसणार. दहा मायक्रॉनच्या तंतूला त्याचं काय कौतुक? पण १०० नॅनोमीटरच्या तंतूला ही वीस टक्क्यांची सूज आहे. दुसरी फसगत पिक्सेलची. चित्रात एक पिक्सेल ५० नॅनोमीटरचा असेल तर दीडशेचा तंतू जेमतेम तीन पिक्सेल रुंद भरतो. एक पिक्सेल इकडे-तिकडे झाला की एक तृतीयांश चूक, आणि तरीही अहवालात दशांश चिन्हानंतर दोन आकडे. तिसरी फसगत डोळ्यांची. पडद्यापुढे बसलेला माणूस फिरत फिरत जिथे तंतू सुंदर आणि मणीरहित दिसतात तिथेच थांबतो आणि फोटो काढतो. मीही काढलेत. आता आम्ही फॉइलच्या मध्यातून आणि कडांवरून आधीच ठरवलेल्या जागांचे तुकडे कापतो, दिसेल तिथला फोटो काढतो, आणि इमेज-जे नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कमीत कमी शंभर तंतू मोजतो. नुसती सरासरी सांगून भागत नाही, आकडे किती पसरलेत तेही सांगावं लागतं. झोत फार जोराचा असेल तर बघता बघता तंतू वितळून तुटतो, ते आणखी वेगळं.

मामांच्या फॉइलचे आकडे आठवड्याने आले. सरासरी २०० नॅनोमीटर, प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) ६०. पीव्हीएची घनता १.२७ धरली तर एक ग्रॅम तंतूची लांबी साधारण पंचवीस हजार किलोमीटर होते. म्हणजे डेनियर ०.०००३६. हिशोबातली एक खोच: वजन जाडीच्या वर्गावर जातं, म्हणून जाड तंतू आपल्या संख्येपेक्षा जास्त भार टाकतात, आणि खरा आकडा याच्या नऊएक टक्के वर जाईल. मी मामांना फोनवर ०.०००४ सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "म्हणजे आमच्या पंचाहत्तर-एकशेचव्वेचाळीसचा एक तंतू तुझ्या हजारांना भारी." हजाराच्या वरच, म्हटलं.

बाकीच्या चाचण्या थोडक्यात आटोपते. वजन मोजून चौरस मीटरला किती ग्रॅम ते काढायचं. जाडी मोजताना साय दाबली जाणार नाही हे बघायचं. तापवून अडकलेला द्रावक उरलाय का पाहायचं. जखमेवर किंवा शरीरात वापरायचं असेल तर ही चाचणी सोडून चालत नाही. अवरक्त वर्णपटावरून ते आडवे टाके खरंच पडलेत का कळतं. थेंब ठेवून तो पसरतो की मोत्यासारखा उभा राहतो ते बघायचं. आणि कागदाच्या चौकटीत पट्टी चिकटवून ती तुटेपर्यंत ओढायची, कारण नुसती पट्टी यंत्राच्या जबड्यात धरायला गेलं तर ती आधीच फाटते.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, हे मामींनी विचारलं. मास्क म्हटलं की पटकन कळतं. २०२० साली ज्या एन-९५ साठी रांगा लागल्या त्याच्या आतल्या थरात पॉलिप्रोपिलीनचे एक ते पाच मायक्रॉनचे तंतू असतात. ते वेगळ्या रीतीने निघतात: वितळलेलं प्लास्टिक भोकांतून बाहेर येतानाच त्यावर गरम हवेचा झोत मारायचा, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांची आठवण यावी असं. ही मेल्ट-ब्लोन रीत १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हॅन वेंटे यांनी बसवली. लोकांना वाटतं मास्क म्हणजे चाळणी, भोकापेक्षा मोठं ते अडतं. तसं नाही. मोठा कण वळणावर हवेबरोबर वळू शकत नाही आणि तंतूवर आदळतो. अगदी छोटा कण हवेच्या रेणूंचे धक्के खात दारुड्यासारखा झोकांड्या घेतो आणि कधीतरी तंतूला चिकटतो. मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा, सगळ्यांत चलाख. तो ना आदळतो ना झोकांडतो. त्याच्यासाठी तंतूंवर कायमचा विद्युतभार बसवलेला असतो. मास्क अल्कोहोलने पुसू नका असं सांगत होते ते यामुळे. कापड तसंच राहतं, भार जातो.

नॅनोतंतू इथे दुसऱ्या वाटेने उपयोगी पडतो. तंतू इतका बारीक झाला की हवेच्या रेणूंना तो अडथळा म्हणून पुरता जाणवतच नाही, ते त्याच्या अंगावरून घसरून जातात. त्यामुळे कण अडवायला तंतूंची गर्दी केली तरी श्वासाला होणारा अडथळा अंदाजापेक्षा कमी राहतो. शिवाय इथे कण मुख्यतः बारीकपणामुळेच अडत असल्याने भार गेला तरी काम पुष्कळसं चालू राहतं. जाड, साध्या कापडावर त्याची एक पातळ साय पुरते. नुसती साय हाताळणं, मामांनी दाखवलंच, कुणाच्या बापाला जमत नाही.

मग सगळीकडे का नाही? एका सुईतून तासाला अर्धा मिलिलिटर द्रावण जातं, दहा टक्क्यांचं. म्हणजे तासाला ०.०५ ग्रॅम माल. लांबीत मोजाल तर तेवढ्यात साडेबाराशे किलोमीटर तंतू पडलेला असतो, मुंबईहून दिल्ली गाठायला थोडाच कमी. पण विकायचा तो वजनावर आणि चौरस मीटरवर.

"हजार सुया लाव," मामा म्हणाले. एका शेडमध्ये कित्येक माग बघणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? लावून बघितल्यात लोकांनी. शेजारच्या धारा एकमेकींना ढकलतात, कडेच्या सुया बाहेर फेकतात, मधल्या नीट सुटत नाहीत, आणि हजारांतल्या कोणत्या वीस तुंबल्या ते शोधण्यात पाळी संपते. चेक प्रजासत्ताकात लिबेरेत्सच्या तांत्रिक विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला सुयाच काढून टाकल्या. द्रावणाच्या तबकात अर्धा बुडालेला रूळ सावकाश फिरतो, त्याच्यावर द्रावणाचा पातळ थर चढतो, आणि पुरेसं व्होल्टेज दिलं की त्या थरातून शंकू आपले आपण उगवतात, आपापसांत अंतर राखून. वर कापड सरकत राहतं.

त्याचा व्हिडिओ मामांनी माझ्या फोनवर दोनदा पाहिला. "हे कळतंय," म्हणाले. "सायझिंगचा रूळच आहे हा. फक्त खळ वर उडतेय." आणि लगेच पुढे, "कापड सरकतंय त्याचा ताण कोण बघतं?"

ते विचारायचं मला आजवर सुचलं नव्हतं. पुढच्या महिन्यात आमच्याकडे असा एक छोटा रूळ बसतोय. मामांना मी तेव्हा बोलावलंय, अंगठा कोरडा ठेवून यायचं या अटीवर.